आप्पांची गाडी, मेधाचे गिअर

मी कोलकात्याला गेले ते आईला परत आणायला. ती नवरात्रापुरती म्हणून माझ्या धाकट्या बहिणीकडे, मेधाकडे, गेली. दिवाळी तिथेच केली आणि मार्गशीर्ष लागला तरी परतीचं नाव काढेना. फोनवर विचारलं की म्हणायची, "येते गं, थंडी जरा कमी होऊ दे." कोलकात्यात थंडी! सांगलीत नदीकाठच्या गारठ्यात जिनं सगळा जन्म काढला, तिला आता कोलकात्याच्या थंडीचं निमित्त सुचत होतं. शेवटी मीच तिकिटं काढली. जाताना एकटीचं, येताना दोघींचं.

आणखी एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला गाडी बघायची होती.

डमडम

विमानतळाबाहेर मी मेधाची नेहमीची पांढरी गाडी शोधत होते. ती नव्हतीच. टॅक्सीवाल्यांच्या घोळक्यापलीकडे आप्पांची गाडी उभी होती. आकाशी रंग, लांबलचक नाक, आरशासारखे बंपर. दोन पोरं तिच्यासमोर उभी राहून स्वतःचे फोटो काढत होती आणि एक पोलीस त्यांना हाकलायच्या ऐवजी त्यांचा फोटो नीट येतोय का ते बघत होता.

या गाडीबद्दल आधी सांगायला हवं. आमचे वडील, आप्पा, सांगलीत डॉक्टर होते. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांचा डावा पाय बारीक आणि अशक्त राहिला होता. क्लच दाबणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यांनी मुंबईच्या एका पारशी गृहस्थाकडून ही जुनी अमेरिकन गाडी घेतली. हिला क्लचचं पेडलच नाही. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा खटका एकदा ओढला की पुढचे गिअर आपोआप पडतात. त्या काळात सांगलीत लोकांना हे खरंच वाटत नसे. आप्पा खेड्यापाड्यांत व्हिजिटला निघाले की पुढच्या सीटवर शेजारी मी. अकरावीनंतर त्यांनी मला चालवायला शिकवली. मेधा तेव्हा लहान होती, मागच्या सीटवर पाय पसरून झोपायची.

आप्पा गेल्यानंतर गाडी माझ्याकडे राहिली. काही वर्षं मी ती बाहेर काढत असे, मग एक दिवस इंजिन गर्जायला लागलं पण गाडी जागची हलेना. गिअरबॉक्स गेला होता. मिरजेपासून कोल्हापुरापर्यंत सगळ्या मिस्त्रींनी एकच सांगितलं : हा काढा आणि जीपचा साधा गिअर बसवा. मी नाही म्हटलं. गाडीवर जाड ताडपत्री घातली, शेडला कुलूप लावलं आणि कुणाला हात लावू दिला नाही. पुढे मेधा एकदा सुट्टीत आली आणि म्हणाली, "ताई, कोलकात्यात एक जण असे गिअर बांधतो म्हणतात. मी नेऊन बघू?" मला वाटलं, ट्रकचा खर्च करून हात हलवत परत येईल. म्हटलं, ने.

आणि आता ती गाडी माझ्यासमोर उभी होती. स्टिअरिंगवर मेधा, शेजारी शाल पांघरून आई, मध्ये आईची वेताची टोपली.

"सुलभा, तू मागं बस गं," आई म्हणाली. "ऐसपैस."

मी मागं बसले. त्या गाडीच्या मागच्या सीटवर मी बहुधा पहिल्यांदाच बसत होते. तिथून समोर दोघींच्या पाठी दिसत होत्या आणि रस्ता फार थोडा दिसत होता.

मेधानं खटका ओढला. गाडी सुटली, वेग घेत गेली, आणि दुसरा गिअर कधी पडला ते मला कळलंच नाही. आप्पांच्या हातात ती दुसऱ्यात जाताना एक हिसका द्यायची. मी त्या हिसक्याची वाट बघत सीट धरून बसले होते. तो आलाच नाही.

"कशी वाटते?" मेधानं आरशातून विचारलं.

"बरी आहे," मी म्हणाले. "पण पुन्हा बांधलेला गिअरबॉक्स टिकत नसतो. कोल्हापूरचे सगळे हेच म्हणाले होते. वर्षभर गोड वाटतं."

"तिसरं वर्ष चालू आहे, ताई."

मी खिडकीबाहेर बघायला लागले.

न्यू टाउन

मेधाची नोकरी न्यू टाउनच्या एका कॉम्प्युटर कंपनीत, घरही तिथेच. नवरा, प्रसाद, बँकेत आहे आणि सध्या गुवाहाटीला. घरात मेधा, तिची कॉलेजात जाणारी मुलगी इरा, आणि आई. रस्ते इतके रुंद की आमच्या गणपती पेठेची अख्खी दुकानं मध्ये मांडता येतील. काचेच्या इमारतींच्या मधल्या मोकळ्या प्लॉटमध्ये पाणी साठलेलं आणि त्यात बगळे. मला हे शहर आवडून घ्यायचं नव्हतं, पण सकाळी गॅलरीतून ते बगळे बघत चहा पिताना त्यासाठी फार जोर लावावा लागला.

इराचं मराठी ऐकून हसू येतं. बंगालीत बाई-पुरुष असा भेद क्रियापदात नसतो, त्यामुळे तिच्या मराठीत कुणीही काहीही होतं. "मावशी, चहा झाली. आजी बुलुदिदाकडे गेला आहे."

बुलुदिदा म्हणजे त्याच मजल्यावर राहणाऱ्या एक बंगाली आजीबाई. आई त्यांना नुसतंच बुलु म्हणते, मी बुलुमाशी. मी त्यांच्या घरी डोकावले तर दोघी पलंगावर पाय पसरून समोरासमोर बसलेल्या. आई मराठीत बोलत होती, त्या बंगालीत. मध्येच दोघी एकदम हसल्या. मी विचारलं, "काय झालं?" तर आई म्हणाली, "तुला नाही कळायचं, लांबलचक आहे ते." माझी आई, आणि मला नाही कळायचं!

जेवताना आईनं खजुरीच्या गुळाचा संदेश माझ्या ताटात वाढला. "खाऊन बघ. आपल्या गुळाला ही चव नाही."

सांगलीची बाई असं बोलली. आमच्या गावात गुळाच्या ढेपांवर पिढ्या जगल्या. मी संदेश खाल्ला. तो इतका चांगला होता की मी दुसरा मागितला नाही.

मग विषय काढला. "आई, तिकीट आहे तुझं. मंगळवारचं."

आईनं ताटावर हात धुतले नाहीत इतकंच, बाकी उठण्याची सगळी तयारी केली. "रविवारी आम्ही बजबजला जाणार आहोत, नदीवर. दर रविवारी कुठेतरी जातो. गिअर बांधला ना, त्या शंकरदांनी मेधाला सांगितलंय, गाडी उभी ठेवायची नाही."

"का?"

उत्तर मेधानं दिलं. "आतली रबराची सीलं सुकतात ना. तेल खाली उतरतं आणि सीलं वाळून तडकतात. ते म्हणतात, हे गिअर चालवून मरत नाहीत तेवढे उभे राहून मरतात."

ती आमटी वाढता वाढता सहज बोलली. मला टोचायचा तिचा हेतू नव्हता, आणि नेमकं तेच मला सहन झालं नाही. हेतू असता तर भांडता आलं असतं.

एंटाली

शनिवारी सकाळी मी फिरायला म्हणून खाली उतरले आणि पाय आपोआप पार्किंगकडे वळले. गाडीखाली फरशीवर लाल ठिपके होते. मी वाकून बोट लावलं, वास घेतला. गिअरचं तेल लालच असतं. इंजिनाचं काळं, गिअरचं लाल.

मी लिफ्टची वाट न बघता जिन्यानं वर गेले. गुडघे दुखतात माझे, पण त्या दिवशी दुखले नाहीत.

"मेधा! गळतंय. गिअरबॉक्स गळतोय. मी म्हटलं नव्हतं?"

मेधा टॉवेलनं केस पुसत बाहेर आली. तिचा चेहरा एकदम उतरला. तो उतरलेला चेहरा बघून मला जे वाटलं ते लिहायला संकोच होतो. मला बरं वाटलं.

गाडी सावकाश चालवत आम्ही एंटालीच्या गल्लीत शंकरदांच्या गॅरेजवर गेलो. वाटेत माझा उत्साह हळूहळू उतरत गेला. कारण ठिपके गाडीच्या पुढच्या टोकाखाली होते, रेडिएटरपाशी. गिअरबॉक्स असतो मध्यावर, पायांखाली. हे मी पार्किंगमध्येच पाहिलं होतं, पण तेव्हा माझ्या डोळ्यांनी ते मनाला कळवलं नव्हतं.

शंकरदा म्हणजे इस्त्रीचा कुर्ता, गळ्यात सोन्याची साखळी, बोटांत खड्यांच्या अंगठ्या आणि आवाज असा की शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईकही मान वळवून बघेल. भिंतीवर त्यांचे स्वतःचे मोठमोठे फोटो, प्रत्येकात मागे एक जुनी गाडी. त्यांनी आधी आम्हाला बसवलं, मातीच्या भांड्यांतून चहा मागवला, आईची चौकशी केली ("माशीमा कैसी हैं? उनको क्यों नहीं लाया?") आणि मग कुठे गाडीकडे वळले.

"ये गाडी पूरे कोलकाता में मेरा सबसे अच्छा काम है," त्यांनी मला सांगितलं. "पूरे इंडिया में समझिए."

मग कामगारानं गाडी जॅकवर घेतली आणि निघाली एक रबरी नळी. गिअरचं तेल थंड व्हायला रेडिएटरकडे जातं, ती नळी. जुनी होऊन तडकली होती. चहा संपायच्या आत नवी बसली.

"गिअरबॉक्स?" मी विचारलं.

"गिअरबॉक्स को क्या होगा?" ते दुखावल्यासारखे म्हणाले. त्यांनी आतून एक पत्र्याचा डबा आणून माझ्यापुढे उघडला. त्यात आमच्याच गिअरबॉक्सच्या आतल्या, जुन्या क्लचच्या चकत्या होत्या, जळून काळ्या झालेल्या, कडा खाल्लेल्या. त्यांना अजून करपट वास येत होता. त्या चकत्या त्यांनी अमेरिकेहून मागवून बदलल्या होत्या, पट्टे बदलले होते, सगळी सीलं नवी घातली होती, आणि गिअरच्या तोंडाशी असते ती भोपळ्यासारखी बंद पेटी कापून, आतून धुऊन पुन्हा जोडली होती. "चार महीना लगा. आपकी बहन हर शनिवार यहाँ आके बैठती थी. इतना सवाल! मैंने बोला, दीदी, आप ही बना लो."

मी मेधाकडे बघितलं. ती भांड्यातला चहा फुंकत होती. दर शनिवारी येऊन बसत होती हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. फोनवर विचारलं की म्हणायची, "चाललंय काम."

"किती टिकेल?" मी हिंदीत विचारलं. "खरं सांगा."

"मेरे से ज्यादा," शंकरदा म्हणाले आणि स्वतःच्याच उत्तरावर खूश होऊन मोठ्यानं हसले. मला तो माणूस अजिबात आवडला नाही. परत निघताना त्यांनी मला त्यांचं कार्ड दिलं. ते मी फाडणार होते, पण पर्समध्ये टाकलं.

बजबज

रविवारी सकाळी निघालो. इराची परीक्षा तोंडावर होती म्हणून आम्ही तिघीच. पुढे मेधा आणि आई, मध्ये टोपली, मागे मी. शहर ओलांडून जिंजिरा बाजारानंतर एक भलताच लांब उड्डाणपूल लागतो. खाली गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी, तळी, केळी, कारखान्यांचे पत्रे. गाडी त्यावरून अशी गेली की आईला डुलकी लागली. आप्पांच्या गाडीत आई कधी झोपली नव्हती. सारखी दाराच्या कडीला धरून असायची.

बजबज हे नदीकाठचं कष्टकरी गाव. ज्यूटच्या गिरण्यांच्या लांबच लांब भिंती, तेलाच्या पांढऱ्या टाक्या, लोकलमधून उतरलेली माणसं, रस्त्यातच मांडलेला मासळीबाजार. त्या गर्दीतून मेधा गाडी इंचाइंचानं काढत होती. रिक्षावाले बाजूला होत, गाडीच्या नाकावर थाप मारत, आणि काहीतरी कौतुकाचं बोलत. मेधा त्यांच्याशी बंगालीत बोलत, हसत चालली होती. क्लच-ब्रेकची कसरत नसल्यामुळे तिच्या चेहऱ्यावर घाम नव्हता.

घाटावर नदी इतकी रुंद की तिला नदी म्हणायला आमच्या कृष्णेची शपथ घालावी लागेल. मोठमोठे मालवाहू पडाव संथ चाललेले, आणि पलीकडे बाउडियाला जाणारी लाँच माणसं, सायकली आणि कोंबड्यांच्या टोपल्या भरून सुटलेली. आम्ही पायरीवर सतरंजी टाकली. टोपलीतून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बुलुमाशींनी दिलेले नारळाचे लाडू निघाले. एक जण झालमुडी विकत होता. चुरमुरे, कांदा, मिरची, वर मोहरीचं कच्चं तेल. आईनं मोठा पुडा घेतला आणि मिटक्या मारत खायला लागली.

"आपलं भडंग आठवतं का तरी?" मी विचारलं.

"आठवतं की. पण हे नाकात जातं, छान वाटतं," आई म्हणाली. मोहरीच्या वासानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती खूश होती.

मेधा हात धुवायला खाली उतरली. ओहोटी होती, खालच्या पायऱ्यांवर राखाडी चिखलाचा थर बसला होता. तिचा पाय सटकला आणि ती तिरकी होऊन पडली. दोन बायकांनी तिला धरून वर आणलं. हाड मोडलं नव्हतं, पण घोटा बघता बघता सुजला. मी तिच्या पायाला ओढणी बांधली. खरंच काळजीनं बांधली. पण बांधता बांधता मनात एक हिशोब चालू होता : आता गाडी मलाच चालवावी लागणार.

गाडीपाशी आल्यावर मी हात पुढे केला. "किल्ली दे."

"अगं नको, डावाच तर आहे." ती लंगडत स्टिअरिंगच्या बाजूला गेली. "डाव्याला या गाडीत कामच नाही."

मी तिथेच उभी राहिले. हे वाक्य आप्पांचं होतं. मला पहिल्या दिवशी स्टिअरिंगवर बसवलं तेव्हा ते म्हणाले होते, डावा पाय मागे घे, सीटखाली. डाव्याला या गाडीत कामच नाही.

"हे तुझं वाक्य नाही," मी म्हणाले.

"काय?"

"आप्पांनी हे मला सांगितलं होतं. तुला नाही. तू मागं झोपलेली असायचीस."

"झोपलेली नसायचे," मेधा म्हणाली. "डोळे मिटून ऐकत असायचे."

यावर खरं तर गप्प बसायला हवं होतं. मी बसले नाही. भर रस्त्यात, झालमुडीवाल्याच्या देखत, मी जे वर्षानुवर्षं बोलले नव्हते ते सगळं बोलले. आप्पांच्या आजारपणात मी होते. गाडी पुसायला मी होते. आईची पथ्यं, औषधं, डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं मी केलं. "आणि आता गाडी तुझ्याकडे, आई तुझ्याकडे. तुझं सगळं चालतं. गिअरसुद्धा! माझ्याकडे काय राहिलं? कुलूप लावायला शेड राहिली, ती पण रिकामी."

मेधाचा चेहरा पांढरा पडला. ती काही बोलण्याआधी आई बोलली.

"मला गाडीबरोबर मोजू नकोस, सुलभा."

आई दाराशी टेकून उभी होती. तिचा आवाज चढला नव्हता.

"मी गाडीसाठी इथे राहिले नाही, आणि मेधासाठीही नाही. सांगलीत माझ्या वयाचं आता कुणी उरलं नाही गं. कमल गेली, गोडबोल्यांची सुमती गेली, कोपऱ्यावरच्या काकू मुलाकडे गेल्या. देवळात गेले तर सगळ्या तुझ्या वयाच्या. मला वाट करून देतात, नमस्कार करतात आणि आपापसांत बोलत बसतात. तू आहेस, तू खूप केलंस. पण तू मुलगी आहेस. बुलुचे गुडघे दुखतात तेव्हा माझेही दुखतात. आम्ही दोघी मिळून त्या गुडघ्यांना शिव्या देतो. मला ते बरं वाटतं."

प्रश्न गाडीचा असता तर म्हटलं असतं, माझ्याकडेही नीट ठेवीन. बुलुमाशी मी कुठून आणणार होते?

मेधानं किल्ली माझ्या हातात ठेवली, मागचं दार उघडलं आणि सुजलेला पाय सीटवर लांब करून बसली.

मी बसले. डावा पाय सीटखाली घेतला. खटका ओढला आणि उजवं पाऊल हळूच दाबलं. बाजारातून मीही गाडी इंचाइंचानं काढली. मग उड्डाणपुलाचा चढ आला आणि मी जरा जोर दिला. गाडीनं एक खोल श्वास घेतल्यासारखा आवाज केला, गिअर खाली उतरला, चढ घेतला, आणि वर पोचल्यावर पुन्हा वरचा गिअर पडला. तुपात सुरी जावी तसा. इतकी सुंदर ती आप्पांच्या हातातही कधी चालली नव्हती. हे मला कबूल करावं लागलं.

"हिसका देत नाही आता," मी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाले. "आप्पा असते तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं असतं."

"तुझ्या आप्पांना वाटलं असतं," आई म्हणाली. "मला नाही. त्या हिसक्यानं माझी मान धरायची. इतकी वर्षं सांगितलं त्यांना, दुरुस्त करून घ्या. ते म्हणायचे, गाडीचा स्वभाव आहे."

मागून मेधा हसली. मग मलाही हसू आलं, पण मी ते रस्त्याकडे बघत आवरलं. माझ्या सगळ्या आठवणी त्या हिसक्याला लटकलेल्या होत्या, आणि शेजारी बसलेल्या आईची मान दुखत होती हे मला या वयात कळत होतं.

न्यू टाउनपर्यंत गाडी मीच आणली. पार्किंगमध्ये उतरल्यावर वाकून खाली बघितलं. फरशी कोरडी होती.

परत

सोमवारी जेवणं झाल्यावर मेधा पाय उशीवर ठेवून बसली होती. म्हणाली, "ताई, गाडी तू घेऊन जा. ट्रकनं पाठवते. मनापासून सांगतेय."

"आणि आई?"

"आई तिच्या मनानं. पण गाडी तुझी आहे. आप्पांनी तुला शिकवली होती."

मला ती गाडी हवी होती. इतकी हवी होती की मी लगेच उत्तर दिलं नाही, उठून गॅलरीत गेले. खाली दिव्याच्या उजेडात आकाशी टप दिसत होता. शेड झाडून घेता येईल. रविवारी मीही नेईन की तिला, नरसोबाच्या वाडीला, औदुंबरला. शेजारची सीट रिकामी ठेवून.

परत आत येऊन म्हणाले, "नको. सांगलीत गिअरला काही झालं तर कोण बघणार? तुझा तो अंगठ्यावाला येणार आहे का तिकडे?"

मेधानं पायाखालची उशी नीट केली. "बरं," ती म्हणाली. तिनं आभार मानले नाहीत. मानले असते तर मी विचार बदलला असता.

मंगळवारी मी एकटीच परत आले. आईचं तिकीट रद्द केलं. आईनं संदेशाचा एक डबा दिला आणि गालावरून हात फिरवून म्हणाली, "उन्हाळ्यात येईन चार दिवस." ती पाहुण्यासारखी बोलत होती, आणि बुलुमाशी तिच्यामागे उभ्या राहून मला हात हलवत होत्या.

आता दर रविवारी संध्याकाळी मी फोन करते. आज कुठे गेलात, काय खाल्लं, असं सगळं विचारून झालं की गिअरचं विचारते. मेधा म्हणते, "मस्त." प्रत्येक वेळी मला आत काहीतरी चावतं. पुढच्या वेळी "अडकला गं" असं ऐकू येईल, असं एक मन वाटच बघत असतं.

मागच्या रविवारी फोन लागला नाही. मेधाचा बंद, आईचा वाजत राहिला. इरा म्हणाली, "सकाळीच गेला दोघी. सांगितला नाही कुठे." अंधार पडला तरी तेच. मला दिसायला लागलं : कुठल्यातरी अनोळखी रस्त्यावर इंजिन गर्जतंय, गाडी हलत नाही, आई शाल घट्ट धरून बसली आहे. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते झालं असणार. पर्स उपडी करून शंकरदांचं कार्ड शोधलं आणि माझ्या मोडक्या हिंदीत ओरडले, की गाडी बंद पडली आहे, आत्ताच्या आत्ता माणूस पाठवा.

"कहाँ?" त्यांनी विचारलं.

"वो मुझे क्या मालूम!"

पलीकडून तो गडगडाटी आवाज आला. "दीदी, मेरा गिअर बंद नहीं पडता. आपकी बहन का फोन बंद पडा होगा."

आणि तसंच निघालं. दोघी थेट टाकी नावाच्या गावाला गेल्या होत्या, बांगलादेशच्या सीमेवरच्या नदीपर्यंत. मेधाचा फोन बॅटरीअभावी मेला होता, आईचा टोपलीत दशम्यांखाली. मेधानं घरी पोचल्यावर फोन केला तेव्हा मी तिच्यावर इतकी चिडले, की बिचारीनं "गिअर मस्त" हे शब्द उच्चारलेच नाहीत.

मीच विचारलं. ती "मस्त" म्हणाली, आणि मी फोन ठेवून पंख्याखाली बसून राहिले. जरा वेळानं शंकरदांचा फोन आला, माशीमा पोचल्या का विचारायला.

"पहुँच गयी," मी म्हणाले.

"देखा? आप कब आ रही हैं?"

"मार्च में," मी म्हणाले. तोपर्यंत मी असं काही ठरवलं नव्हतं. "और मेधा को बोल के रखिए, गाडी मैं चलाऊँगी."